लस शरीराला काय शिकवते?



अंगणवाडीत लसीचा दिवस असला की आयाबाया म्हणतात, "सुई देली का पोराले तापच येते. मंग चांगल्या पोराले बिमार पाडाले कायले नेऊ?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या गुरुजींना आणि उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारून मी लिहीत आहे.

आपले वडील शेतात जागलीला जातात. नवख्या जागल्याला रानडुक्कर ओळखू येईपर्यंत अर्धे शेत उधळलेले असते. ज्याने ते एकदा पाहिले, तो नुसत्या खुसफुशीने उठतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशाच जागल्या आहेत. नवा रोगजंतू ओळखून त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार करायला त्यांना काही दिवस लागतात. तेवढ्यात रोग बळावतो. लस ही ओळख आधीच करून देते. तेव्हा पेशी कामाला लागतात, म्हणून एखाद-दोन दिवस अंग तापते, हात दुखतो. तो रोग नव्हे, जागल्याचा सराव आहे.

ही ओळख निरनिराळ्या रीतीने करून देतात.

१) अशक्त केलेला जिवंत जंतू : जणू डुकराचे दुबळे पिल्लू. क्षयरोगासाठी बीसीजी, पोलिओचे थेंब, गोवर-रुबेलाची लस या प्रकारच्या आहेत. तुमच्या डाव्या दंडावरचा बारीक वण बीसीजीचाच!

२) मारलेला जंतू : डांग्या खोकल्याची लस आणि करोनावरची कोव्हॅक्सिन. या कोव्हॅक्सिनशी आपल्या नागपूरचा संबंध आहे. २०२० साली तिच्या चाचणीसाठी लाल तोंडाची माकडे हवी होती. बरीच शोधाशोध झाल्यावर ती नागपूरकडच्या जंगलात मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २० माकडांवर चाचणी केली. १५ माकडांना लस दिली, ५ माकडांना दिली नाही. मग सर्वांना विषाणू दिला. लस न दिलेल्यांना न्यूमोनिया झाला, लस दिलेल्यांना झाला नाही. त्यानंतर माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या.

३) निरुपद्रवी केलेले विष : धनुर्वात आणि घटसर्प यांत जंतूचे विष घात करते. म्हणून त्या विषाचा जोर काढून ते टोचतात, जसे सुळे काढलेले डुक्कर.

४) जंतूचा तुकडा : नुसते खूर दाखवावे तसे. कावीळ 'ब'ची लस अशी आहे.

५) निरोप देणारी लस : पुण्याच्या सीरम संस्थेत बनलेल्या कोविशिल्डमध्ये एका निरुपद्रवी विषाणूच्या हाती निरोप धाडलेला असतो. तो वाचून आपलेच शरीर करोनाच्या विषाणूचा एक तुकडा बनवते आणि ओळखून ठेवते.

आता महत्त्वाचे. एकदाच पाहिलेले डुक्कर जागल्या विसरू शकतो. म्हणून काही लसी पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया याचसाठी आहेत. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. "एक देली, झालं" असे म्हणून थांबू नये. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती.

उलट देवीचा रोग पाहा. देवीचे व्रण चेहऱ्यावर असलेली म्हातारी माणसे आपण पाहिली असतील. घरोघर लस पोचली आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. आपल्या देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला.

पालकांनो, लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. लसीचे कार्ड जपून ठेवावे. ताप जास्त असला, झटके आले किंवा मूल मलूल पडले, तर लगेच उपकेंद्रात न्यावे.

आणि मित्रांनो, दहा वर्षे झाली की आपल्याला धनुर्वात-घटसर्पाची सुई आहे. त्या दिवशी कोणी कुंपणावरून पळू नका. मुंगी चावल्याएवढेच दुखते!