न दुखणारी जखम

आपल्याकडे पायांना मान फार आहे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावाचून घरातले कोणतेही कार्य सुरू होत नाही, संतांच्या पादुका पालखीत बसवून पंढरीला नेल्या जातात, आणि देवळात गेल्यावर माणूस मूर्तीच्या पायांवर डोके ठेवतो. परंतु हा सारा मान दुसऱ्याच्या पायांचा. स्वतःच्या पायांशी आपले नाते घरातल्या जुन्या गड्याशी असावे तसे असते; तो मुकाट्याने काम करतो आहे तोवर त्याची कोणी विचारपूस करीत नाही. आरशासमोर उभे राहून केसांचा भांग नीट करणारा गृहस्थ आपल्या तळव्याकडे शेवटचे केव्हा पाहिले, असे विचारल्यास गोंधळून जातो.

डॉक्टरांच्या बाबतीतही थोडेफार असेच आहे. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत रोगी चपला दाराबाहेर काढूनच आत येतो. त्याचे पाय उघडेच असतात. तरीही नाडी, छाती, रक्तदाब, साखर हे सारे पाहून झाल्यावर टेबलाखालच्या त्या उघड्या पायांकडे डॉक्टरांची नजर सहसा वळत नाही. हे मी टीकेच्या हौसेने लिहीत नाही. त्याचे मोल आमच्या घराने दिले आहे.

माझे मामा चौतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीच्या सुमारास त्यांना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. गोळ्या सुरू झाल्या, चहातील साखर सुटली, दरमहा तपासणी होऊ लागली. नेमाने वागणारा माणूस. नेम पाळण्याच्या याच वृत्तीने त्यांनी तीन वर्षांपूर्वी नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रतही घेतले. सातव्या माळेच्या दिवशी मामींना ओटीवरच्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. कोणाला लागले म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा मामांच्या उजव्या तळव्यात रुतलेला काचेचा तुकडा सापडला. तो केव्हा गेला, हे त्यांना सांगता आले नाही.

दसऱ्याला सोने द्यायला मी गेलो, तेव्हा जखमेवर हळद दाबून फडके बांधलेले होते. "दुखतंय का?" मी विचारले. "छे रे, अजिबात नाही," मामा म्हणाले, आणि आम्ही दोघेही निश्चिंत झालो. मी सुशिक्षित, ते शिक्षक. पण दुखत नाही याचा अर्थ बरे आहे असाच आम्ही दोघांनी लावला. त्यानंतरच्या मासिक तपासणीत साखर पाहिली गेली, फडके सोडून जखम कोणी पाहिली नाही. दिवाळीच्या आधी दोन दिवस पायाला दुर्गंधी येऊ लागली, ताप भरला, आणि शहरात नेईपर्यंत दोन बोटे काळी पडली होती. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

त्या दसऱ्याच्या दिवशी मामांचा पाय दुखला असता, तर तो वाचला असता. ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, पण या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतू निकामी होऊ लागतात, आणि त्याची सुरुवात शरीरात सर्वांत लांबवर पोहोचलेल्या तंतूंपासून, म्हणजे पायांच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, तळव्याखाली कापूस अंथरल्यासारखे वाटते. मग हळूहळू काहीच वाटेनासे होते. तळव्याला घाम येण्याचे थांबते आणि कातडी कोरडी पडून तडकते. बोटे आखडतात, चालण्याचा भार भलत्याच हाडांवर पडतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, आणि माणूस तंबाखू किंवा विडी ओढणारा असला तर त्या अधिकच अरुंद होतात, म्हणजे झालेली जखम भरून यायला लागणारे रक्तही पुरेसे पोहोचत नाही.

२०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सोलवटलेल्या तळव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली होती, आणि ती पाहून अनेकांना भरून आले होते. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांच्या पायांनाही फोड येतात, वाटेत ठिकठिकाणी त्यांना तेल लावून पाय चेपून देणारे भेटतात. पण या पायांना दुखते. दुखले की माणूस लंगडतो, बसतो, पाऊल वेगळे टाकतो, आणि तेवढ्याने जखमेला विसावा मिळतो. ज्या पायाला दुखत नाही तो त्याच फोडावर शंभर पावले, हजार पावले तशीच टाकीत राहतो.

हे सत्य वैद्यकाच्या ध्यानात आले ते कुष्ठरोग्यांच्या पायांवरून, आणि तेही आपल्याच देशात. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगानेच सडून झडतात, अशी तेव्हा लोकांची आणि पुष्कळशा डॉक्टरांचीही समजूत होती. ब्रँड यांना आढळले की, रोग्यांचे मांस इतरांच्या मांसाप्रमाणेच भरून येऊ शकते. ते भरत नाही याचे कारण रोगी त्या पायाचा वापर थांबवीत नाही, आणि थांबवीत नाही कारण त्याला वेदना नाही. भार काढून घेतला, पाय प्लास्टरमध्ये ठेवला, की वर्षांची जखमही भरू लागे. पुढे चालण्यासाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला करण्यात आल्या. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तिथे हीच विद्या मधुमेह्यांच्या पायांना लागू पडली. त्या रबराची चप्पल, जिला सरकारी दवाखान्यांत एमसीआर चप्पल म्हणतात, आपल्याकडे कुष्ठरुग्णांना शासकीय कार्यक्रमातून मिळत आली आहे.

आता मधुमेह्यांची संख्या पाहावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. जगभरच्या अभ्यासांचा अदमास असा की, मधुमेह्यांपैकी पाचांत एकाला ते तिघांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला जखम होते. या हिशेबात वाचकांपैकी कित्येकांचे आईवडील, कित्येक जण स्वतःही येतात.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनीही पायांकडे दुर्लक्ष करावे असे नाही. पूर्वी बाहेरून आलेल्या माणसाला दारातच पाणी मिळे. पाय धुऊन, पुसून मगच तो आत येई. सोवळ्या-ओवळ्याची कल्पना त्यामागे असेल, पण तिच्यामुळे दिवसातून दोन-चारदा पायांना पाणी लागे आणि डोळाही लागे. सदनिकांमध्ये ती पायरी गेली, तो तांब्याही गेला. आता सकाळी मोजे चढतात ते रात्री उतरतात. पाय रोज साध्या साबणाने धुवावेत आणि, याकडे कोणी लक्ष देत नाही, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसावेत. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या बहुधा करंगळीच्या बेचक्यात, कारण तिथला ओलावा जात नाही. ती बुरशी आहे. औषध लावून खाज थांबली की लोक मलम बंद करतात आणि पंधरा दिवसांत ती परतते. बरे दिसू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध लावावे लागते. औषधांच्या दुकानात मागून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे मात्र लावू नयेत. त्यांनी तात्पुरता आराम पडतो आणि बुरशी पसरते. पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, आणि पायाला खरचटलेले असले, तर घरी येऊन पाय धुण्यावर थांबू नये. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, तिचे जंतू अशाच बारीकसारीक जखमांतून शरीरात शिरतात. त्यावरची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर घेता येते.

टाचेच्या भेगांवर कोकणातील घरांत कोकमाचे तेल कोमट करून लावीत. उपाय चांगला आहे; मात्र आधी पाय भिजवून, वजरीने हलकेच घासून, मग तेल भरावे आणि रात्री मोजे घालावेत. बोटांच्या मध्ये तेल लावू नये. कुरूप ही निराळी भानगड. चप्पल किंवा बूट जिथे दाबतो तिथे कातडी घट्ट होत जाते, म्हणून पादत्राण न बदलता कुरूप काढणे हे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसण्यासारखे आहे. रस्त्याच्या कडेला ब्लेडने कुरूप काढून देणारे भेटतात, दुकानांत कुरुपावरच्या पट्ट्या मिळतात. या पट्ट्यांत आम्ल असते, आणि बधिर पायावर ते खोल जखम करते. मधुमेह्याने दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोलवर कोरू नयेत. नख मांसात शिरून नखुरडे होते ते बहुतेक वेळा याच कोरण्यामुळे.

शिक्षकबंधूंची एक तक्रार नेहमी कानी येते: सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ, चार पावलांनंतर कमी. तासन्‌तास कठीण फरशीवर उभे राहणाऱ्यांना ही टाचदुखी गाठते. तिने घाबरून जाण्याचे कारण नाही. पोटऱ्यांना ताण देण्याचे व्यायाम आणि मऊ तळाची चप्पल घरातही वापरणे, एवढ्यावर ती बहुतेकांची जाते, पण काही महिने लागतात, आणि तेवढा धीर फार थोड्यांपाशी असतो. पादत्राणे संध्याकाळी विकत घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नव्या कोल्हापुरीचा चावा निरोगी माणूस हसून सोसतो. बधिर पायाच्या माणसाला तो कळतच नाही. अशाने मागे पट्टा असलेली, बंद आणि ऐसपैस चप्पल घालावी, घालण्यापूर्वी झटकावी, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून चालावे आणि आंघोळीच्या पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. शेकाची पिशवी तर जवळही आणू नये. देवाला मोजे चालतात की नाही, हा प्रश्न मामांनीही मला विचारला होता. त्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे? मधुमेह असेल तर फोड, चीर, रंग बदललेले बोट, यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. दुखत नाही हे कारण तर मुळीच चालणार नाही. पाय अचानक सुजून लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागला, पण जखम नाही आणि वेदनाही फारशी नाही, तर मुरगळला असेल म्हणून चोळू नये. आतली हाडे ढासळत असण्याची ती खूण असू शकते, आणि त्या अवस्थेत टाकलेले प्रत्येक पाऊल पायाचा आकार बिघडवते. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावे लागणे हे रक्तपुरवठा कमी पडल्याचे लक्षण. आणि मधुमेह नसलेल्यालाही, जखमेभोवतीची लाली वर चढू लागली, ताप आला, किंवा दोन आठवड्यांत जखम भरण्याचे चिन्ह दिसले नाही, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत. खिळा किंवा काटा रुतल्यावर धनुर्वाताच्या सुईची चौकशी करावी, हे सांगायला नकोच.

स्पर्शाची परीक्षा घरीही होते. रोग्याला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या, अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने क्षणभर हलकेच टेकवावे. दाबायचे नाही, टोचायचे नाही. दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श कळला नाही, तर त्या पायांना धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. इंग्लंडमधील इप्सविच येथे ठरलेली ही पद्धत आहे. तिला ना यंत्र लागते ना पैसा. शाळेतील मूलसुद्धा आजोबांची ही परीक्षा घेऊ शकेल. दरमहा साखर मोजली जाते त्या प्रत्येक दवाखान्यात वर्षातून एकदा तरी मोजे उतरवून ही दोन मिनिटांची तपासणी व्हावी, आणि कुष्ठरुग्णाला मिळते ती मऊ चप्पल बधिर पायाच्या मधुमेह्यालाही सरकारी दवाखान्यातून मिळावी, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा, आणि त्यानंतरच्या कृत्रिम पायापेक्षा, दोन्ही गोष्टी पुष्कळच स्वस्त आहेत.

एक पाय गेल्यावर सारा भार दुसऱ्यावर येतो, आणि काही वर्षांत त्यालाही जखम होण्याचा धोका फार वाढतो, हे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर सांगण्यात आले. मामा आता जयपूर पाय लावून अंगणापर्यंत जातात. रात्री जेवणे आटोपली की मामी चष्मा लावून पाटावर बसतात, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतात आणि विजेरीच्या उजेडात बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहतात. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तळव्याला हात लावण्याची वेळ आपल्यावर कधी आली नव्हती, असे त्या सांगतात. मामांना अजूनही त्याचा संकोच वाटतो.