लोनाड : कल्याणपलीकडच्या एका गावाचे दगडी दस्तऐवज

आजचा विषय एक लहानसं गाव आहे. कल्याण पश्चिमेहून गांधारीचा पूल ओलांडला की उल्हास नदी मागे पडते, बापगाव लागतं, आणि भिवंडीच्या दिशेला वळलं की चौधरपाडा आणि लोनाड. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. आपल्यापैकी बरेच जण या रस्त्याने गोदामाचा माल घेऊन किंवा लग्नाला गेले असतील. मुद्दाम गाव बघायला म्हणून क्वचितच कोणी गेलं असेल.

गावाचा इतिहास लिहायचा तर कागद लागतो, असं आपण धरून चालतो. फ्रान्समध्ये ही सोय जुनी आहे. तिथे १५३९ साली राजाने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी. त्यामुळे तिथलं दोनशे उंबऱ्यांचं खेडंसुद्धा आपल्या माणसांची नावं कितीतरी पिढ्या मागे नेऊ शकतं. आपल्याकडे असं दप्तर नाही. पण म्हणून लोनाडला दस्तऐवजच नाही असं नाही. ते दगडावर कोरलेले आहेत आणि गावाच्या जमिनीतच उभे केलेले आहेत. हा फरक साधा वाटतो, पण त्याचे परिणाम फार मोठे आहेत.

आधी भूगोल बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथली जमीन दोन प्रकारची. सखल भागात भाताची खाचरं, आणि वर डोंगरउतारावर वरकस, म्हणजे नाचणी-वरीची हलकी जमीन. खाली काळा कातळ. मागे डोंगराची रांग, पुढे नदी आणि खाडी. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव येतं, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा तो नाणेघाटाने जुन्नरला किंवा थळघाटाने नाशिककडे. नाशिककडच्या वाटेला लागलं की लोनाडचा परिसर हाकेच्या अंतरावर येतो. बंदराच्या इतकं जवळ, पण खाडीच्या चिखलाबाहेर. आमच्या मते गावाचं सगळं नशीब याच एका गोष्टीने ठरवलं.

डोंगरात एक बौद्ध लेणं आहे. ओसरी, आतला मंडप, शेजारी पाण्याचं टाकं, आणि ओसरीत राजपरिवाराचा एक मोठा शिल्पपट. पुढे तिथे खंडेश्वरी देवी आली, आणि लेण्याला नाव मिळालं तिचंच. बौद्ध भिक्षू गेले, पण जागेचं देवपण गेलं नाही. असं आपल्याकडे खूप ठिकाणी झालं आहे. गावात पडझड झालेलं दगडी शिवमंदिरही आहे. शिलाहारांनी शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, मध्ये बांधून पुरं केलेलं अंबरनाथचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथल्या शिल्पांची जातकुळी लगेच ओळखू येते.

आता मुख्य गोष्ट. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचं राज्य आपल्याच ठाण्यातून, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकातून चालायचं. लोनाडला अपरादित्य राजाचा शके ११०६, म्हणजे इ.स. ११८४चा शिलालेख सापडला, आणि चौधरपाड्याला केशिदेव राजाचा शके ११६१चा. दुसऱ्यात ब्रह्मपुरी गावाच्या दानाची नोंद आहे. अशा दानलेखाची एक ठरलेली रीत असते. आधी शक, मग राजाची बिरुदं, मग कोणाला काय दिलं, आणि पुष्कळदा चतुःसीमा : पूर्वेला अमुक गाव, पश्चिमेला ओढा. आजचा सातबारा आणि नकाशा एकाच दगडावर आणलेला म्हणा ना!

दगडाच्या माथ्यावर सूर्य-चंद्र असतात. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालावं, असा त्याचा अर्थ. खाली गाढव आणि बाई यांचं एक उघडंनागडं चित्र. यालाच गधेगाळ म्हणतात. जो हे दान मोडेल त्याच्या आईला ही शिवी. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही धाक बसावा म्हणून ही सोय. जमीन बळकावणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हे आजही आपल्याला ओळखीचं वाटावं, इतकं जुनं दुखणं आहे! अलिबागजवळ अक्षीचा शके ९३४चा लेखही गधेगाळच आहे, आणि तो मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. म्हणजे आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या लेखी शब्दांत ही शिवी आहे!

१२६५च्या सुमारास यादवांनी शिलाहारांचं राज्य संपवलं, १६५७ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. या काळात लोनाड म्हणजे भात पिकवणारं एक गाव, एवढंच. १८५४ला रेल्वे कल्याणला पोचली, पण पुढे रूळ कसाऱ्याकडे वळले. डोंबिवली स्टेशनाभोवती वाढली, पलीकडचं लोनाड शेतीतच राहिलं. दगड टिकले त्याचं एक कारण तेही असावं.

आता मात्र फेरा उलटा फिरलाय. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली, आणि समृद्धी महामार्गाचा मुंबईकडचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये भिवंडी तालुक्यातच, आमण्याला उघडला. हजार वर्षांपूर्वीची नाशिककडची वाट पुन्हा सोन्याच्या मोलाची झाली. खाचरांत भराव पडतो, वरकसावर पोकलेन चढतो. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. भातावर घर चालत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न दगडाचा आहे. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ला खोदताना अरिकेसरी राजाचे ताम्रपट मिळाले आणि शिलाहारांचा इतिहास उलगडू लागला. तेव्हा खोदणारे हात होते, म्हणून ते नजरेस तरी पडले. आजच्या यंत्राच्या बकेटमध्ये गधेगाळ आणि साधा धोंडा सारखाच. काही गावांत हे दगड अपशकुनी म्हणून पालथे घातलेत, काही ठिकाणी शेंदूर लावून देव केलेत. शेंदराखाली अक्षरं झाकली जातात हे खरं, पण निदान दगड जागेवर राहतो.

काही जण म्हणतात, उचला आणि संग्रहालयात न्या. परळचा शके ११०८चा शिलाहार लेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सुरक्षित आहे, हे मान्य. पण चतुःसीमा सांगणारा दगड सीमेवरून हलवला की पश्चिमेचा ओढा कुठला हे कोण सांगणार? म्हणून आमचं म्हणणं, उचलायच्या आधी जागेची नोंद हवी : गट क्रमांक, छायाचित्र, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली शेताची, ओढ्याची, पाड्याची नावं. हे काम ग्रामपंचायत आणि शाळा मिळून एका उन्हाळ्यात करू शकतात. पावसाळ्यात मात्र नको, खाचरात गुडघाभर पाणी असतं.