ऑनलाइन लिलाव आणि विक्रेत्याचा शब्द

ऑनलाइन लिलावात वस्तू मांडली, बोली लागली, मुदत संपली आणि त्यानंतर विक्रेत्याला बाहेर जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक भेटले, तर त्याला पहिली विक्री नाकारता येते का? येते, असा पुष्कळ विक्रेत्यांचा समज असतो. वस्तू अजून घरातच असते, पैसे हातात पडलेले नसतात, कागदावर कुणाची सही नसते आणि बोली लावणारा माणूस कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. मग व्यवहार झालाच कुठे, असे त्याला वाटते. वेगवेगळ्या देशांतल्या न्यायालयांनी गेल्या पंचवीस वर्षांत दिलेले उत्तर मात्र या समजाला धक्का देणारे आहे. मुदत संपताच व्यवहार पक्का होतो आणि विक्रेता त्याला बांधील राहतो.

हातोड्याचा कायदा

हे उत्तर समजण्यासाठी आधी जुना, समोरासमोरचा लिलाव कायद्याच्या नजरेतून पाहावा लागतो. लिलाव पुकारणारा ‘एकवार, दोनवार, तीनवार’ म्हणतो आणि हातोडा मारतो. कायद्यानुसार इथे प्रस्ताव मांडणारा असतो तो बोली लावणारा. विक्रेत्याच्या वतीने लिलावदार तो प्रस्ताव स्वीकारतो आणि त्या स्वीकृतीची खूण म्हणजे हातोडा. त्यामुळे हातोडा पडेपर्यंत कुणीच बांधलेला नसतो. बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, लिलावदारही वस्तू काढून घेऊ शकतो. भारताच्या १९३० च्या माल विक्री कायद्याचे ६४ वे कलम हेच सांगते. इंग्लंडच्या १९७९ च्या कायद्यातले ५७ वे कलमही त्याच धर्तीचे आहे.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लिलाव राखीव किमतीशिवाय, म्हणजे किमान भावाची अट न ठेवता होईल, असे जाहीर केले असेल, तर पहिली बोली आल्यावर वस्तू मागे घेता येत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००० साली दिलेला निकाल यासाठी नेहमी सांगितला जातो. इंजिनाची तपासणी करणारी दोन नवी यंत्रे लिलावात आली होती. प्रत्येकाची बाजारातली किंमत १४,००० पौंड होती. बोली आली ती फक्त प्रत्येकी २०० पौंडांची. एवढ्या कवडीमोल भावाने यंत्रे देववेनात म्हणून लिलावदाराने ती मागे घेतली. न्यायालयाने बोली लावणाऱ्याला दोन्ही यंत्रांच्या बाजारभावातून ४०० पौंड वजा करून २७,६०० पौंड भरपाई मिळवून दिली. राखीव किंमत नाही असे एकदा सांगितल्यावर, कमी भाव आला ही सबब चालत नाही.

हातोडा नसलेला लिलाव

इंटरनेटवर लिलाव पुकारणारा माणूस नसतो. वस्तूचे वर्णन, फोटो, सुरुवातीची किंमत आणि मुदत विक्रेता स्वतः भरतो. संगणक बोली मोजतो आणि ठरलेल्या क्षणी लिलाव बंद करतो. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पियर ओमिद्यार यांनी सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ईबे म्हणून जगभर पसरले आणि लाखो सामान्य माणसे अशा रीतीने विक्रेते बनली. तेव्हाच कायद्यापुढे प्रश्न उभा राहिला. हातोडाच पडत नसेल, तर व्यवहार पक्का होतो कधी?

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने याचे उत्तर ७ नोव्हेंबर २००१ रोजी दिले. रिकार्डो नावाच्या लिलाव संकेतस्थळावर एका विक्रेत्याने फोक्सवॅगनची नवी पसाट गाडी ठेवली होती. सुरुवातीची किंमत होती १० मार्क आणि किमान किमतीची अट त्याने घातली नव्हती. मुदत संपली तेव्हा सर्वांत वरची बोली होती २६,३५० मार्कांची. गाडीची कंपनीच्या यादीतली किंमत मात्र सुमारे ५७,००० मार्क होती. विक्रेत्याने गाडी द्यायला नकार दिला. पहिल्या न्यायालयात तो जिंकला, अपिलात हरला आणि सर्वोच्च न्यायालयातही हरला.

न्यायालयाची मांडणी सोपी होती. जर्मन कायद्यात हातोड्याच्या लिलावासाठी वेगळे कलम आहे, पण इथे हातोडा मारणारा कुणी नसल्याने ते कलम लागू होत नाही. इथे प्रस्ताव आणि स्वीकृती हा कराराचा साधा नियमच पुरतो. गाडी मांडताना विक्रेत्याने, मुदतीत येणारी सर्वांत वरची बोली आपण आताच स्वीकारत आहोत, अशा अर्थाचे निवेदन संकेतस्थळावर मान्य केले होते. म्हणजे त्याचा होकार आधीच नोंदवलेला होता. बोली कितीची येईल आणि कुणाची येईल, एवढेच ठरायचे बाकी होते. माउसच्या एका क्लिकने दिलेला होकार सहीइतकाच खरा मानला गेला.

आल्बरीचे विमान

इंग्रजी कायद्याची परंपरा पाळणाऱ्या देशांमध्ये या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला ऑस्ट्रेलियातला आहे आणि तो एका विमानाचा आहे. ‘विरावे’ हे ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःच्या कारखान्यात बांधलेले दोन आसनी विमान. १९३९ ते १९४६ या काळात अशी ७५५ विमाने बांधली गेली. मुख्यतः वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या या विमानाने डिसेंबर १९४२ मध्ये न्यू गिनीत एक जपानी लढाऊ विमान पाडले होते. त्यामुळे ऑस्ट्रेलियन माणसाच्या मनात त्याला मानाचे स्थान आहे. आज त्यांपैकी मोजकीच शिल्लक आहेत.

२००६ साली न्यू साउथ वेल्स राज्यातल्या आल्बरी इथल्या एका मालकाने आपले १९४६ सालचे विरावे ईबेवर विकायला काढले. किमान किंमत १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका विमानप्रेमीने बरोबर तेवढीच बोली लावली. मुदत संपल्यावर लिलाव त्याने जिंकल्याचा संदेश संगणकाने दोघांनाही पाठवला. पण तोवर विक्रेत्याचे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाशी बोलणे झाले होते आणि ते गिऱ्हाईक १,००,००० डॉलर जास्त द्यायला तयार होते. विक्रेत्याने विमान द्यायला नकार दिला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

ईबे हा काही लिलावदार नव्हे, ते फक्त दोघांची गाठ घालून देणारे ठिकाण आहे, असे विक्रेत्याच्या बाजूने मांडण्यात आले. ईबेवरचे नियम हे प्रत्येकाने ईबेशी केलेले करार आहेत, विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात त्यातून करार होत नाही, असाही युक्तिवाद होता. ३ ऑगस्ट २००७ रोजी न्यायमूर्ती राइन यांनी तो फेटाळला. दोघेही ते नियम मान्य करूनच व्यवहारात उतरले होते. किमान किमतीइतकी बोली आली की विक्री पूर्ण करायची, हे विक्रेत्याला ठाऊक होते आणि खरेदीदारही त्याच विश्वासावर बोली लावत होता. मुदत संपणे आणि हातोडा पडणे यांचा परिणाम एकच होता. विक्रेत्याने मनात काय धरले होते, याला महत्त्व नव्हते. त्याच्या कृतीवरून समोरच्या समजूतदार माणसाने काय समजायचे, हे महत्त्वाचे होते.

न्यायालयाने इथे नुसती भरपाई देऊन प्रकरण मिटवले नाही. अशा दुर्मीळ विमानाच्या बदली पैसे घेऊन बाजारात दुसरे आणणे शक्य नव्हते. म्हणून ठरल्या किमतीत विमानच खरेदीदाराला द्यावे, असा आदेश झाला. वस्तू बाजारात सहज मिळणारी असेल, तर सामान्यतः ठरलेली किंमत आणि बाजारभाव यांतला फरक भरपाई म्हणून मिळतो. वस्तू एकमेव किंवा दुर्मीळ असेल, तर ती वस्तूच द्यायला लावता येते. भारताच्या माल विक्री कायद्याच्या ५८ व्या कलमातही न्यायालयाला असा आदेश देण्याचा अधिकार आहे.

एक युरोची गाडी

मुदत संपण्याआधीच लिलाव बंद केला तर काय, या प्रश्नावर जर्मन न्यायालयांनी बारकाईने विचार केला आहे. २०१२ साली एका विक्रेत्याने आपली जुनी पसाट १ युरो सुरुवातीच्या किमतीने ईबेवर टाकली. एकाने लगेच १ युरोची बोली लावली आणि आपली वरची मर्यादा ५५५.५५ युरो ठेवली. काही तासांत विक्रेत्याने लिलाव बंद केला, कारण गाडी त्याने बाहेर ४,२०० युरोंना विकली होती. बोली लावणारा न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीचे मूल्य ५,२५० युरो धरून, त्यातून बोलीचा १ युरो वजा करून ५,२४९ युरो भरपाई देण्याचा आदेश कायम राहिला.

इतक्या कमी किमतीचा करार नीतीला धरून नाही, हे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. स्वस्तात वस्तू मिळण्याची आशा आणि चांगला भाव मिळण्याची आशा यांवरच लिलाव उभा असतो. कमी किमतीने सुरुवात करून जास्त लोक ओढून घ्यायचे, ही विक्रेत्याची स्वतःची निवड होती. त्यातला धोकाही त्याचाच.

भाव चढवण्यासाठी स्वतःच बोली लावणाऱ्यांनाही हाच न्याय लागला. एका विक्रेत्याने १ युरोपासून सुरू केलेल्या फोक्सवॅगन गोल्फच्या लिलावात दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोली लावत किंमत १७,००० युरोंपर्यंत नेली. २०१६ साली न्यायालयाने त्याच्या सगळ्या बोली रद्दबातल धरल्या. त्या वगळल्यावर खऱ्या खरेदीदाराची बोली दीड युरोची ठरली आणि करार त्याच किमतीला झाला असे ठरले. भारताच्या माल विक्री कायद्याच्या ६४ व्या कलमातही याची तरतूद आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला तसे करता येत नाही आणि केले तर खरेदीदाराला ती विक्री फसवणूक मानता येते.

माघार कधी घेता येते

विक्रेत्याला कधीच मोकळीक नसते, असा याचा अर्थ नाही. राखीव किमतीपर्यंत बोली पोहोचलीच नाही, तर विकण्याचे बंधन नाही. एकही बोली येण्याआधी वस्तू काढून घेतली, तर कुणाचा हक्क बुडत नाही. वस्तू चोरीला गेली किंवा विक्रेत्याच्या चुकीशिवाय नष्ट झाली, तरी सुटका होऊ शकते. लिलाव चालू असताना कॅमेरा चोरीला गेल्याने तो बंद करणाऱ्या एका विक्रेत्याला जर्मन न्यायालयाने २०११ साली दोष दिला नाही. किंमत लिहिताना झालेली खरी चूक तातडीने कळवली, तर तीही विचारात घेतली जाऊ शकते. जास्त पैसे देणारा भेटला, हे मात्र यांपैकी कोणतेच कारण नव्हे.

संकेतस्थळाचे नियमही इथे निर्णायक ठरतात. अमेरिकेतल्या ईबेवर मुदत संपायला बारा तासांहून जास्त अवधी असेल, तर बोली रद्द करून लिलाव थांबवण्याची सोय आहे. त्याहून कमी अवधी उरला, तर ती मुभा आकसते. तिथल्या घरजमिनींच्या लिलावात लागलेली बोली मात्र बंधनकारक करार मानली जात नाही.

भारतात तर काही ऑनलाइन लिलावांच्या नियमांतच माघारीची जागा ठेवलेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ई-नाम या शेतमालाच्या बाजारात सर्वांत वरची बोली स्वीकारायची की नाकारायची, हे शेतकरी ठरवू शकतो. नाशवंत माल घेऊन आलेल्या, भावाच्या बाबतीत नेहमीच कमजोर बाजूला असलेल्या माणसाला दिलेले हे संरक्षण योग्यच आहे. थकीत कर्जापोटी जप्त केलेली घरे बँका ई-लिलावात काढतात, तेव्हा कारण न देता लिलाव रद्द करण्याचा हक्क त्या अटींमध्ये राखून ठेवतात. जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या या अटी बोली लावण्याआधी वाचल्या नाहीत, तर पुढे तक्रारीला जागा उरत नाही. अशी अट नसेल, तर १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा माल विक्री कायदा हेच आधार असतात. करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो बिनकामाचा ठरत नाही, हेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०-क या कलमाने स्पष्ट केले आहे.

दोन्ही बाजूंनी घ्यायची काळजी

या सगळ्या निकालांमागे एक साधे तत्त्व आहे. लिलाव उघडा ठेवून लोकांना बोली लावायला बोलावणे, हा दिलेला शब्द आहे. तो शब्द मोडायची मुभा मिळाली, तर प्रामाणिक बोली लावणाऱ्याचा वेळ आणि विश्वास दोन्ही वाया जातात आणि बाजारच मोडतो.

म्हणून विक्रेत्याने परवडणार नाही अशा किमतीपासून सुरुवात करू नये, राखीव किंमत आधीच ठरवावी, एकच वस्तू एका वेळी दोन ठिकाणी विकायला ठेवू नये आणि काही बिघडलेच तर बोली लावणाऱ्यांना तत्काळ कळवावे. खरेदीदाराने वस्तूचे वर्णन, बोलीची नोंद आणि लिलाव जिंकल्याचा संदेश जपून ठेवावा. विक्रेता फिरला, तर आधी संकेतस्थळाकडे आणि गरज पडल्यास न्यायालयात हाच पुरावा कामी येतो. ज्याला आपली वस्तू ठरल्या किमतीत द्यायची तयारी नाही, त्याने ती लिलावात मांडूच नये.