चाकूवरचं नाव आणि चाकूचं बूड

मंडळी, मघाशी इथल्याच, पवनारच्या एका काकांनी हा घडीचा चाकू दिला. त्यांचे वडील संत्र्याला डोळे भरायला वापरायचे. टोकाला साल उचलायची हाडाची पट्टी आहे, बघा. काका म्हणतात, स्वातंत्र्याच्या आधीचा. धाकटे बंधू म्हणतात, छे, नंतरचा. कंपनीचं नाव तर कुठेच सापडत नाही.

सापडणार कसं? पुष्कळदा ते नाव कारखान्याचं नसतंच, माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याचं असतं. म्हणून पातं उघडून सांध्याजवळचं बूड पाहायचं. गावाचं किंवा देशाचं नाव बहुधा तिथे ठोकलेलं असतं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो शिक्का 1949 नंतरचा. ‘स्टेनलेस’ असेल तर 1913 च्या आधीचा नाही. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लींनी ते पोलाद त्या वर्षी ओतलं. लोहचुंबक लावून मात्र उपयोग नाही हं, चाकूचं स्टेनलेसही चिकटतं.

मूठ भिंगाखाली धरा. हाडात बारीक छिद्रं दिसतात, सेल्युलॉइडमध्ये नाही. तापलेली सुई टोचून बघू नका, सेल्युलॉइड भस्सकन पेटतं.

आता या बुडाशी गंजातून ‘जर्मनी’ वाचता येतंय, त्याच्या आधीचं झाकलंय. काका, घरी जाऊन पॉलिश पेपर मारू नका, शिक्काच जाईल. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ फडक्यानं पुसा. ‘वेस्ट’ निघालं तर धाकटे जिंकले. नुसतंच ‘जर्मनी’ असेल, तर वाद चालू ठेवायला हरकत नाही.