बॅटरीचा भरवसा: नाशिकच्या आगीनंतरची वर्षं

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये जितेंद्र ईव्ही या इथल्याच कंपनीच्या ४० इलेक्ट्रिक स्कूटर एका कंटेनरमध्ये चढवलेल्या होत्या. कंटेनर कारखान्याच्या फाटकाजवळ असतानाच वरच्या कप्प्यातल्या गाड्यांनी पेट घेतला आणि २० स्कूटर जळाल्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. या गाड्या रस्त्यावर धावत नव्हत्या, गिऱ्हाइकाच्या हातातही पडल्या नव्हत्या. त्यामुळे चालवणाऱ्याने काही चूक केली असेल, असं म्हणायला जागाच उरली नाही. मुळात बॅटरी भरवशाची आहे हे ठरवायचं कोणी आणि कशावरून, हा प्रश्न त्या दिवशी नाशिकच्या दारात आला.

हा प्रश्न त्याआधीही होता, फक्त आकाराने लहान होता. स्कूटरच्या बॅटरी पॅकमध्ये जे दंडगोल सेल असतात, त्याच जातीचा सेल लॅपटॉपमध्ये, विजेरीत आणि ई-सिगारेटमध्येही बसतो. त्यातल्या सर्वांत रुळलेल्या मापाला १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढच्या तीन दशकांत ती घरोघरी पोहोचली. ई-सिगारेटने मात्र एक वेगळी सवय लावली. सुटा सेल विकत घ्यायचा, खिशात ठेवायचा, संपला की दुसरा घालायचा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेट पेटण्याच्या किंवा फुटण्याच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले होते.

भारताने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. कारण आरोग्याचं होतं, आणि ते योग्यच होतं. पण सुटे सेल विजेरीसाठी, पॉवर बँकेसाठी, जुन्या पॅकच्या दुरुस्तीसाठी विकले जातच राहिले. एका १८६५० सेलमध्ये फार तर साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास विद्युतभार मावतो. तरीही ९,९०० चा आकडा छापलेले सेल बाजारात सर्रास दिसतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलला नवं आवरण चढवलं, की वेष्टनावर काय छापायचं हे विकणाऱ्याच्या हातात असतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात सेलच्या भरवशाचा हा प्रश्न शेकडो सेलांच्या पॅकपर्यंत येऊन ठेपला. त्या वर्षीचा मार्च हवामान विभागाच्या नोंदींत १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. २६ मार्चला पुण्यात धानोरी भागात ओला कंपनीची एक उभी स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. त्याच सुमारास तामिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली. घरात शिरलेल्या धुराने गुदमरून वडील आणि मुलगी दगावले. मग नाशिक. मग आंध्र आणि तेलंगणातल्या घरांमधून मृत्यूच्या बातम्या आल्या.

दोष उन्हाला देणं सोपं होतं. पण चांगला सेल चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या हवेने पेटत नाही. सेलच्या दोन ध्रुवांमध्ये केसाहून पातळ असा विभाजक असतो. बनवताना धातूचा कण आत राहिला, सेल मर्यादेबाहेर चार्ज झाला किंवा त्याला मार बसला, तर तो विभाजक फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. तापमान सुमारे १३० अंशांवर गेलं की विभाजक वितळू लागतो, उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होते आणि शेजारचा सेलही तापतो. ऊन या साखळीला हातभार लावतं. तिची पहिली कडी मात्र बहुतेक वेळा कारखान्यात किंवा चार्जरमध्ये असते.

सरकारने चौकशीचं काम डीआरडीओच्या अग्नी, स्फोटक आणि पर्यावरण सुरक्षा केंद्राकडे दिलं. २१ एप्रिलला केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी कंपन्यांना सदोष गाड्या परत मागवायला सांगितलं. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर माघारी बोलावल्या.

खरा बदल पुढच्या नियमांत झाला. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने छापलेल्या एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षा मानकात मोठी दुरुस्ती झाली. ती दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाली. पॅकमध्ये किमान चार तापमान-संवेदक हवेत. बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, मायक्रोप्रोसेसरवर चालणारी हवी. एक सेल मुद्दाम तापवून पाहिला तर आग पूर्ण पॅकमध्ये पसरता कामा नये, आणि बसलेल्याला वेळेत इशारा मिळाला पाहिजे. पॅक पाण्यात बुडवून तपासला जातो. सेल कोणी बनवला आणि कधी बनवला, याचा मागही ठेवावा लागतो.

ही शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर पाहतो, तशी सेलची जन्मतारीख विचारायची सवय ग्राहकाला तोवर कोणी लावलीच नव्हती. बॅटरीचा भरवसा वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यात नसतो. तो तिच्या इतिहासात असतो: सेल कोणत्या कारखान्यात बनला, किती वेळा चार्ज झाला, कोणत्या चार्जरवर झाला, कधी आपटला का. कंपन्याही या काळात लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाच्या सेलकडे वळू लागल्या. त्यात तितक्याच वजनात ऊर्जा कमी मावते, पण तो सहजासहजी भडकत नाही.

नियम येत असतानाच सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. हा मृत्यू विसरता येण्याजोगा नाही. बॅटरी काढून उशाशी चार्ज करण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते, कारण इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लगच नसतो. अशा घरांना काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. गाडी चालवून आल्यावर पॅक निवू द्यावा. कंपनीचाच चार्जर वापरावा. सगळे झोपल्यावर आणि दाराच्या वाटेत चार्जिंग लावू नये. फुगलेला, वास येणारा किंवा विनाकारण तापणारा पॅक त्याच दिवशी बाजूला काढावा. सुटा सेल घ्यायचा असेल तर भारतीय मानक ब्युरोची खूण, उत्पादनाचा महिना आणि पक्कं बिल पाहावं. अस्सल १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बराच हलका लागला तर घेऊ नये.

एआयएस-१५६ नव्या गाड्यांना लागू आहे. २०२२ पूर्वी विकलेल्या हजारो स्कूटर अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बॅटरीची वॉरंटी संपत आली आहे किंवा संपली आहे. नवा पॅक परवडत नाही म्हणून जुन्यातले कमजोर सेल काढून दुसरे बसवण्याचं काम गल्लीतल्या दुकानांत होतं. तिथे बसवलेल्या सेलची जन्मतारीख नोंदवण्याची सक्ती अजून कोणावरही नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ च्या ऑगस्टमध्ये आले. संपलेले पॅक परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली, पण दुरुस्तीच्या टेबलावर येणारा सेल कुठून आला हे त्या नियमांतून कळत नाही. नाशिकमध्ये ज्यांनी २०२१-२२ मध्ये पहिली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, त्यांच्या पुढचा निर्णय आता याच टेबलाजवळ होणार आहे.