अंगणातली विद्या विद्यापीठात येते तेव्हा

टोकियोच्या सुइदोबाता भागात, ओकिनावाहून शिकायला आलेल्या मुलांसाठी एक वसतिगृह होतं. एके दिवशी एक वार्ताहर तिथं आला. अंगण झाडत असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्यानं विचारलं, की कराटे शिकवणारे फुनाकोशी कुठं भेटतील. झाडणाऱ्यानं त्याला जरा थांबायला सांगितलं. लगबगीनं खोलीत जाऊन ठेवणीतला किमोनो चढवला आणि बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. ज्यांना भेटायचं होतं ते हेच. हा प्रसंग गिचिन फुनाकोशींनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. वसतिगृहाची राखण, झाडलोट, बागकाम करायचं आणि मुलं कॉलेजला गेली, की तिथल्याच सभागृहात कराटे शिकवायचं, असे त्यांचे ते दिवस होते. जवळ पैसे नव्हते. तिथल्या आचाऱ्याला ते कराटे शिकवत आणि तो त्यांच्या जेवणाचं बिल थोडं कमी करी.

आज जगभरच्या विद्यापीठांत पांढऱ्या गणवेशातली मुलं-मुली रांगेत उभी राहून कराटे शिकतात. त्या रांगेची सुरुवात याच अंगणाच्या आसपास झाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. युद्धविद्या विद्यापीठात गेली, तेव्हा नुसती तिची जागा बदलली नाही. विद्याच बदलली.

फुनाकोशी 1868 साली ओकिनावातल्या शुरी गावी जन्मले. दिवसा ते प्राथमिक शाळेत मास्तर असत. रात्री हातात कंदील घेऊन आपले गुरू आन्को आझातो यांच्या घरी चालत जात. आझातो ओसरीवर बसायचे आणि शिष्य अंगणात काता करायचा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं बांधलेली हालचालींची मालिका. मनासारखी झाली नाही, की पुन्हा. झाली तरी पुन्हा. तेक्की नावाच्या तीन काता शिकायला फुनाकोशींना दहा वर्षं लागली. आपल्याकडच्या तालमीत वस्तादानं पोराला नुसत्या दंड-बैठकांवर वर्षभर ठेवावं, तशीच ही रीत. तिच्यात घाई नव्हती आणि तिला शेवटही नव्हता. शिवाय ती लपवून ठेवायची विद्या होती. शिकणं आणि शिकवणं दोन्ही दाराआड चाले.

हे दार पहिल्यांदा किलकिलं केलं ते त्यांच्या दुसऱ्या गुरूंनी, आन्को इतोसु यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांत कराटे आलं ते त्यांच्या प्रयत्नांमुळे. मुलांना झेपतील अशा पाच सोप्या काता त्यांनी बसवल्या, कारण एका गुरूपुढं एकच शिष्य हे गणित भरलेल्या वर्गात चालणार नव्हतं. पुढं मे 1922 मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयानं टोकियोत शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ओकिनावाच्या वतीनं फुनाकोशी गेले. परत फिरायचं ठरलेलं असताना त्यांना जिगोरो कानो यांनी बोलावून घेतलं.

कानो हे ज्युदोचे जनक, आणि मुळात विद्यापीठाचा माणूस. टोकियो विद्यापीठातून बाहेर पडल्यावर लगेच, 1882 मध्ये, एका देवळातल्या बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पुढं शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या उच्च प्रशिक्षण संस्थेचे ते दीर्घकाळ प्राचार्य होते. जुन्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले, राहिलेल्यांची शिस्तवार मांडणी केली आणि प्रगती मोजायला दान म्हणजे श्रेणी आणल्या. फुनाकोशींच्या कराटेनं पुढं हे दान, हे पट्टे आणि तो जाड सुती गणवेश त्यांच्याकडूनच घेतला.

फुनाकोशी टोकियोतच शिकवत राहिले आणि 15 ऑक्टोबर 1924 रोजी केइओ विद्यापीठात कराटेचा क्लब स्थापन झाला. जपानी विद्यापीठातला हा पहिला. मग टोकियो, वासेदा, ताकुशोकु अशी एकेक विद्यापीठं येत गेली.

इथं खरी अडचण सुरू होते. विद्यार्थी मोजक्या वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. ज्या माणसानं तीन कातांना दहा वर्षं दिली, त्याच्यासमोर आता घड्याळ लावून आलेली मुलं होती. तेव्हा क्रम आखावा लागला, परीक्षा घ्याव्या लागल्या. नावंसुद्धा बदलावी लागली, कारण ओकिनावातली चिनी वळणाची नावं टोकियोच्या मुलांच्या जिभेवर बसेनात. 'कराटे' पूर्वी 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षरांत लिहीत. त्याच उच्चाराचं, पण 'रिकामा' अर्थाचं अक्षर रूढ करण्यात केइओच्या गटाचा मोठा वाटा होता. हे अक्षर जपानी बौद्ध परंपरेत आपल्या 'शून्यता' या संस्कृत शब्दासाठी वापरतात. प्रज्ञापारमिताहृदय सूत्रातली ती शून्यता कराटेच्या नावात येऊन बसली, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

टोकियो विद्यापीठात मात्र ठिणगी पडली. नुसत्या काता करून मुलांचं समाधान होईना. हा डाव समोरच्या माणसावर खरंच चालतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी अंगावर संरक्षक कवच चढवून मोकळी लढत सुरू केली. फुनाकोशींना ते मुळीच पटलं नाही आणि 1929 मध्ये त्यांनी तिथं शिकवणं सोडलं. त्यांची वेदना मला समजते. गुरूच्या अंगणातल्या त्या रात्री ते जगले होते. तरी मला विद्यार्थ्यांची बाजू जवळची वाटते. ज्या ठिकाणी प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला शिकवतात, तिथं विद्या गेली की ती तपासली जाणारच. त्या मुलांनी ओकिनावाला जाऊन जुन्या जाणकारांकडे चौकशी केली आणि 1930 मध्ये त्यावर पुस्तकही आलं. आजच्या लढतींच्या स्पर्धा अशाच विद्यार्थी-हट्टातून वाढल्या.

पदवी घेऊन निघून जाणारा विद्यार्थी ही जशी अडचण होती, तशीच प्रसाराची वाटही तीच ठरली. ताकुशोकुचे पदवीधर मासातोशी नाकायामा पुढं जपान कराटे असोसिएशनचे मुख्य प्रशिक्षक झाले. वासेदाचे त्सुतोमु ओशिमा अमेरिकेला गेले आणि 1957 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये त्यांनी क्लब काढला. अमेरिकेतल्या विद्यापीठातला हा पहिला कराटे क्लब मानला जातो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फुनाकोशी वारले.

कॅलटेकच्या या क्लबाच्या बरीच वर्षं आधी भारतातल्या एका विद्यापीठात युद्धविद्येचा वर्ग भरला होता. 1929 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले असता त्यांनी आपल्या विश्वभारतीसाठी ज्युदोचा शिक्षक मिळवला. शिंझो ताकागाकी त्याच वर्षी शांतिनिकेतनात आले. ज्या संस्थेची ओळख गाणं, चित्रं आणि झाडाखालचे वर्ग अशी, तिथं चटयांवर माणसं आपटू लागली. कवीला हे विसंगत वाटलं नाही. मुलींनीही शिकावं, असा त्यांचा आग्रह होता, आणि मुली खरोखर शिकल्या. 1931 मध्ये कलकत्त्याच्या न्यू एम्पायर नाट्यगृहात प्रात्यक्षिक झालं, तेव्हा त्यासाठी रवींद्रनाथांनी भय आणि संकोच झटकायला सांगणारं एक गाणं लिहिलं. ताकागाकी सुमारे दोन वर्षंच राहिले. गुरूच्या अंगणात फुनाकोशींची तेवढ्या काळात एकही काता पुरती शिकून झाली नसती.

त्या वर्गात चटईवर पडायला आणि पाडायला शिकलेल्या मुलींत एक होती अमिता. तिचे वडील क्षितिमोहन सेन तिथंच संस्कृतचे अध्यापक होते. तिचा मुलगा अमर्त्य पुढं अर्थशास्त्रज्ञ झाला, आणि आपली आई ज्युदो शिकली होती ही आठवण त्यानं आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवली आहे.