डिव्हाइस वाढले म्हणून प्लॅन वाढवायचा?

गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं भोर-वेल्ह्याच्या घरी येतात आणि दुसऱ्याच दिवशी ते ठरलेलं वाक्य कानावर पडतं: "एवढे मोबाइल जोडल्यावर नेट स्लो होणारच. शंभरचा प्लॅन पुरत नाही आता, तीनशेचा घ्या." सांगणारा कधी भाचा असतो, कधी कनेक्शन जोडून देणारा पोरगा, कधी मोबाइलच्या दुकानात नुसताच उभा असलेला कुणीतरी. प्लॅन वाढतो, दरमहा जास्तीचे पैसे जातात आणि माजघरातल्या मोबाइलवर तो गोल फिरायचा तसाच फिरत राहतो.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. ऐकायला दोन्ही पटतात, म्हणून आकडेमोड करायला कुणी बसत नाही. आपण बसू.

नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, ४केला १५. आता भरलेलं घर घ्या. ओसरीतल्या टीव्हीवर ४के सिनेमा, म्हणजे १५. चार पोरं चार मोबाइलवर फुल एचडी बघतायत, २०. दोघांच्या ऑफिसच्या मीटिंग चालू आहेत, प्रत्येकी ४ धरा. बेरीज ४३. शंभरातले निम्म्याहून जास्त अजून शिल्लक आहेत. आणि बाकीचे पंधरा मोबाइल? ते खिशात आहेत. खिशातला मोबाइल, स्मार्ट बल्ब, चार्जिंगला लावलेला टॅब मधूनमधून काही किलोबाइटची देवाणघेवाण करतात, एवढंच. जोडलेलं उपकरण आणि नेट खाणारं उपकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी स्वस्तातला राऊटर तीस-चाळीस उपकरणांपुढे धापा टाकतो हे खरं, पण तो डब्याचा दोष आहे. प्लॅन वाढवून डब्याचा दम वाढत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. खांबावरून फायबर घरात येते तो एक टप्पा, आणि डब्यापासून मोबाइलपर्यंत हवेतून जायचं तो दुसरा. प्लॅन वाढवला की फक्त पहिला टप्पा रुंद होतो. अडलेलं असतं ते बहुतेक वेळा दुसऱ्यात. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीचे थांबतात. राऊटरशेजारचा मोबाइल आपलं काम क्षणात उरकतो. दोन भिंतींपलीकडच्या मोबाइलला सिग्नल कमजोर मिळतो, म्हणून तो हळू वेगाने बोलतो आणि तेवढ्याच मजकुरासाठी हवा कितीतरी जास्त वेळ अडवून ठेवतो. वरंध घाटात वळणावर लोड केलेला ट्रक पुढे असला की मागच्या गाड्यांचं जे होतं, ते इथे घरातल्या सगळ्यांचं होतं. प्लॅन वाढवणं म्हणजे त्यावर उपाय म्हणून पुणे-सातारा हायवेला आणखी एक लेन टाकणं!

हे माझं मत नव्हे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं. तेव्हाच्या ११ एमबीपीएसच्या वायफायवर एकच यंत्र १ एमबीपीएसने बोलत असेल, तर बाकीच्या वेगवान यंत्रांचा प्रत्यक्ष वेगही त्याच्याच पातळीला येतो. नवे चांगले राऊटर वेळेची वाटणी करून हा अन्याय कमी करतात. प्लॅनबरोबर फुकट येणारा डबा ते करेलच असं धरून चालू नका.

आणि आपल्याकडच्या भिंती! भोरच्या पेठेतलं जुनं घर किंवा वेल्ह्याच्या वाडीतलं जोत्याचं घर म्हणजे दोन-दोन फूट जाडीचं दगडमातीचं काम. त्यात डबा कुठे बसवलेला असतो? जिथून वायर आत आली तिथे, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, बऱ्याचदा लोखंडी कपाटाच्या मागे, कारण तो दिसायला नको. लोखंडातून लहरी जात नाहीत, दगडातून रडतखडत जातात. तीनशेचा प्लॅन घेतलात तरी भिंतीला ते कळत नाही.

याखेरीज दोन मर्यादा अशा आहेत की त्यांच्यापुढे मोठा प्लॅन सरळ वाया जातो. बऱ्याच स्वस्त डब्यांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो. त्यावर साध्या मोबाइलची जोडणी नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ चॅनलवर फार तर ७२ एमबीपीएसची होते, हातात पडतात चाळीस-पन्नास. दुसरं म्हणजे मागचं लॅन पोर्ट. ते १०० एमबीपीएसचं असेल तर त्या वायरवर तीनशेतले पंच्याण्णवच्या आसपासच मिळतात. पैसे मात्र तीनशेचे.

पाहुणे आल्यावर नेट खरोखर बसतं, तो अनुभव खोटा नाही. कारण वेगळं आहे. दहा जण राजगड चढून संध्याकाळी घरी आले, मोबाइलने घरचं वायफाय पकडलं आणि दिवसभराचे व्हिडिओ आपोआप गुगल फोटोजवर चढायला लागले. अपलोडची वाट भरली की राऊटर डेटा रांगेत साठवत जातो. ती रांग इतकी लांबते की मीटिंगमधला आवाजही त्यात अडकतो. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हाच प्रकार पाहिला आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. उपाय फुकट आहे: फोटो बॅकअप रात्री झोपताना चालू करा. राऊटरमध्ये ही रांग सांभाळणारी 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' नावाची सोय असेल तर तीही सुरू करा. ढगात रेकॉर्डिंग पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे हेच काम चोवीस तास करत असतात. घरातल्याच डीव्हीआरवर साठवणारे करत नाहीत.

दोष कुठे आहे ते शोधायला लॅपटॉप आणि एक लॅन केबल पुरे. लॅपटॉप वायरने राऊटरला जोडा, बाकीच्यांना पाच मिनिटं वायफाय बंद करायला सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग वायर काढून राऊटरशेजारीच वायफायवर, मग माजघरात, मग मागच्या पडवीत. वायरवर आकडा ठीक आणि पडवीत गळपटला, तर प्लॅनला हात लावू नका. डबा घराच्या मध्यावर, उंचावर आणा. तरी नाही भागलं तर मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. नुसता रिपीटर त्याच हवेत तोच डेटा दोनदा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. टीव्ही तर वायरवरच टाका, तो काही घरभर फिरत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, म्हणजे राऊटरची रेंज चांगली आहे, पलीकडे नेट आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. राऊटरच्या नावापुढचं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, सिमकार्डातलं ५जी नव्हे. तो वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हरतो. १०० एमबीपीएसवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसणार, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. राऊटरला चिकटवायचे बूस्टर स्टिकर शोभेपुरते.

आणि पाऊस. वेल्ह्यात पावसाळ्यात नेट जातं, म्हणून "लहरी भिजतात" असं शहाणी माणसंही सांगतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्राने हिशेब केला तर तासाला १०० मिलिमीटर पावसातही ५ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरला एक डेसिबलदेखील गमावत नाही. तुमच्या ओसरीत तर पाऊसही पडत नाही. नेट जातं ते वीज गेल्याने, फांदी पडून फायबर तुटल्याने, जॉइंट बॉक्सात पाणी शिरल्याने. ओल धरलेली दगडमातीची भिंत मात्र कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते, तेवढं खरं.

मोठा प्लॅन घ्यायचा एकच प्रसंग आहे: वायरवर आकडा प्लॅनएवढा येतो आणि घरातल्या वापराची खरी बेरीजच त्याच्या वर जाते. वायरवरही दिवसा ठीक आणि रात्री आठनंतर कोसळत असेल तर दोष घराबाहेरचा. तेव्हा वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट तीन-चार रात्री काढा, कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, आणि दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांत ही सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.